प्रार्थनेतली बोलणी

सोमीबाईला कोणाला चार शब्द सुनवायचे असले की ती आधी डोळे मिटायची.

घरात हे सगळ्यांना ठाऊक होतं आणि इलाज कोणाकडेच नव्हता. गाव चिंचपाड्याच्या पलीकडे, डोंगराला लागून. ताटं वाढून झाली, सगळी मांडी घालून बसली, की म्हातारी हात जोडायची. एरवी मावची बोली बोलणारी ही बाई देवाशी मात्र बायबलातलं मराठी बोलायची. देव त्या पुस्तकात मराठी बोलतो, मग त्याला म्हातारपणी नवी भाषा कशाला शिकवायची, असं तिचं म्हणणं.

"हे स्वर्गीय पित्या, या अन्नासाठी तुझे आभार मानते. ज्या दासीने आज डाळीत दोनदा मीठ टाकले, तिला क्षमा कर. आणि ज्या दासाने रविवारी उपदेश चालू असता घोरून मंडळीत लाज आणली, त्याला जागे ठेव."

दासी म्हणजे सून एस्तेर आणि दास म्हणजे मुलगा स्टीफन. आता देवाशी बोलणं चालू असताना मध्येच "मीठ मी एकदाच टाकलं हो!" असं म्हणणार कोण? तोंड उघडायचं ते आमेन म्हणायला. तेवढं म्हणून गार भात गिळायचा.

एस्तेरने हे बावीस वर्षं ऐकलं. उतू गेलेलं दूध, उघडं राहिलेलं कोंबड्यांचं खुराडं, सगळं देवाच्या कानावर गेलं. तिच्याबद्दल एक चांगला शब्द जाईल तर शपथ! शेवटी म्हातारी दवाखान्यात होती, तिथेही तिने डॉक्टरांचा हात धरून प्रार्थना केली, "प्रभू, या लेकराला तू पुष्कळ ज्ञान दिलेस, आता पेजेत चिमूटभर मीठ घालण्याची बुद्धी दे." डॉक्टर हसले, आमेन म्हणाले, पण मीठ काही मिळालं नाही. एस्तेर महिनाभर तिच्या उशाशी होती. तिच्या वाट्याला काय आलं? "या दासीला उशी नीट लावायला शिकव."

त्याहून तिला खुपायचा तो बुधवार. बुधवारी दुपारी चर्चमध्ये बायकांची प्रार्थना असते. गावातल्या सासवा आपापल्या सुनांना घेऊन जायच्या. सोमीबाई धुवट पातळ नेसून, बायबल पिशवीत घालून एकटी निघायची. एस्तेर पदर सावरून उभी राहिली रे राहिली, की हुकूम सुटायचा, "तू थांब. म्हैस कोण बघेल?" पुढे म्हैस मेली. एस्तेरला वाईट वाटलं, पण खोटं कशाला बोला, बुधवार मोकळा झाला म्हणून थोडं बरंही वाटलं. पुढच्या बुधवारी म्हातारी म्हणाली, "शेळ्या कोण बघेल?"

चार बायकांत नेण्याजोगीही आपण नाही, हे एस्तेरने मनात धरलं ते धरलंच. म्हातारी गेली तरी ते गेलं नाही. आपण या घरच्या झालो की नुसत्या राबलो, एवढं एकदा तिच्या तोंडून ऐकायचं होतं. आता विचारणार कोणाला?

वर्ष झालं. आठवणीची प्रार्थना ठेवली. अंगणात मांडव घातला, कोंबडीचा रस्सा, भात, नागलीच्या भाकरी केल्या. पाळकसाहेब आले, गाणी झाली. जेवणाआधीची प्रार्थना घरच्या माणसाने करायची, अशी रीत. सगळ्यांनी स्टीफनकडे पाहिलं. स्टीफनने स्वतःच्या पायांकडे पाहिलं. चार लोकांत त्याला स्वतःचं नाव सांगायची मारामार.

"एस्तेरबाई, तुम्ही करा," पाळक म्हणाले.

अगं बाई! आजवर तिने मोठ्याने आमेनच तेवढं म्हटलेलं. पण ती उठली, डोळे मिटले, आणि तिला प्रार्थनेची जी एकच तऱ्हा ठाऊक होती तीच तोंडातून निघाली.

"हे स्वर्गीय पित्या, या अन्नासाठी तुझे आभार. ज्या दासाने सकाळी तीनदा सांगूनही मांडवाचा बांबू घट्ट बांधला नाही, त्याला क्षमा कर."

कोणीतरी फिस्सकन हसलं.

"आणि तुझी दासी सोमीबाई तुझ्यापाशी आहे. तिला विचार. बावीस वर्षं मी तिचं सगळं केलं. एकदाही बरं बोलली नाही. बुधवारी कधी सोबत नेलं नाही. मी तिची कोणी होते की नाही, एवढं विचार, प्रभू."

आमेन कोणी म्हणेना. रस्सा निवायला लागला.

मग मागून मोतीबाई बोलू लागली. ही सोमीबाईची जन्माची मैत्रीण, दर बुधवारी तिच्या मांडीला मांडी लावून बसणारी. हात जोडलेले, डोळे गच्च मिटलेले, आणि भाषा सरळ मावची.

"देवा, बुधवारचं बाहेर बोलायचं नाही, असा आम्हा बायकांचा नेम आहे. पण मी प्रार्थनेतलं प्रार्थनेतच सांगते, म्हणजे नेम मोडला नाही. सोमी दर बुधवारी हिच्याबद्दलच तर बोलायची! एस्तेर माझी सून नाही, लेक आहे, देवा, तिला माझ्याआधी नेऊ नको, म्हणायची. ऐकून ऐकून आमचे कान किटले. आमच्या सुना तर हिचं नाव निघालं की तोंडं फिरवायच्या. मी म्हटलं, सोमी, अगं एकदा तिला घेऊन ये, ऐकू दे की तिला. तर म्हणाली, नको बाई, तिच्यासमोर बोलले तर मला रडू येईल. आणि सुनेसमोर रडलेली सासू पुन्हा कोणाला बोलणार?"

एस्तेर मटकन खाली बसली आणि पदरात तोंड घालून हमसून हमसून रडली. प्रार्थना तशीच अर्धी राहिली.

आमेन शेवटी स्टीफनने म्हटलं, आणि चांगलं मोठ्याने म्हटलं. पुढच्या बुधवारी शेळ्याही त्यानेच बघितल्या.