स्फटिक आढळले नाहीत

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्यालाही नाही. आता निवृत्त झालेय, थकलेय. तुम्ही ऐकताय, तर सांगते.

औरंगाबादेत एका दवाखान्याच्या लॅबमध्ये मी तंत्रज्ञ होते. सुजलेल्या गुडघ्यातून काढलेलं पाणी आमच्याकडं तपासायला यायचं. सूक्ष्मदर्शकाला एक खास गोल काच लावली की त्या पाण्यातले युरिक अॅसिडचे स्फटिक सुयांसारखे चमकतात. दिसले, तर गाऊट, म्हणजे सांध्यांत युरिक अॅसिड साचण्याचा आजार. सोपं आहे ना? ती काच पुसताना माझ्या हातून पडली, फुटली. नोकरीला लागून दोनच महिने झाले होते. तुकडे कागदात गुंडाळून पर्समध्ये टाकले, घरी नेले. आणि पुढचे चार महिने — कसं सांगू — अशा प्रत्येक रिपोर्टवर मी न बघताच लिहीत राहिले: स्फटिक आढळले नाहीत.

असे किती जण होते? खरंच आठवत नाही. एक मात्र विसरता येत नाहीत — दौलताबादकडचे भिकामामा, मेंढरं राखणारे. माझा रिपोर्ट पाहून डॉक्टरांना गुडघ्याचा टीबी वाटला. औषधं सुरू झाली. त्यातल्या एका गोळीनं युरिक अॅसिड उलट वाढतं, हे मला ठाऊक होतं. डॉक्टरांची खोली माझ्या टेबलापासून दहा पावलांवर. मी गेले का? नाही.

पुढं कुणाच्या तरी लक्षात आलं की काच जागेवर नाही. हरवली असेल म्हणाले, नवी मागवली.

दीड वर्षानं मामा काठी टेकत परत आले. चालवत नव्हतं म्हणून मेंढरं विकून टाकली होती. बोटांना गाठी, एका गाठीतून खडूसारखा पांढरा चुरा गळत होता. गुडघ्याचं पाणी नव्या काचेखाली धरलं — सुयाच सुया. डॉक्टरांनी विचारलं, “मागच्या वेळी कशा दिसल्या नाहीत?”

“तेव्हा नसतील, सर.” इतकंच बोलले मी.

योग्य औषध मिळालं, सूज उतरली. गुडघा मात्र पुन्हा पुरता वाकला नाही. एका दुपारी मामा लॅबच्या दारात येऊन उभे राहिले.

“ताई, लई डॉक्टर केले. पण रोग तुम्हीच हुडकला, व्हय ना?”

त्यांनी हात जोडले. खरं सांगायला किती वेळ लागला असता? मी त्यांना बसायला खुर्ची दिली, आणि म्हणाले, “ते माझं कामच आहे, मामा.”