हलका हात

वस्तऱ्याला पथरीवर धार कशी लावायची हे मला भोकरला माझ्या बापानं शिकवलं. पातं आडवं ठेवायचं, दाब द्यायचा न्हाई. लग्न होऊन लातूरला आले तेव्हा लातूर नुकतंच जिल्हा झालं होतं आणि प्यायचं पाणी टँकरनं यायचं. नवऱ्याचं दाढीचं दुकान घराच्या पुढच्या खोलीत होतं, मधे पडदा. सगळ्या वस्तऱ्यांना धार मीच लावायचे. पथरी भिजवायला सासू घागरीतलं पाणी देत नसे, म्हणून डाळ धुतलेलं पाणी गाळून ठेवायचे.

एकदा कलेक्टर कचेरीतला एक कारकून नवऱ्याला म्हणाला, "लई हलका हात हाय तुमचा."

नवरा म्हणाला, "बापाकडून आलाय."

पडद्याआड माझं टाळकं सरकलं. त्याच्या बापाला उभ्या जन्मात पथरी धड धरता आली नव्हती.

दुसऱ्या दिवशी मी वस्तरे धार न लावताच पुढं दिले. दुपारपर्यंत तीन हनुवट्या कापल्या. नवरा तुरटी शोधत आत आला. "आज धार का न्हाई लावलीस?"

मी डाळ निवडत राहिले. म्हटलं, "धारेचं काय एवढं. हात हलका हाय की तुमचा."