येर्कोचा जोड

बेतिना गावात होड्या बांधणाऱ्या येर्कोच्या जोडाला नावं ठेवायची कुणाच्या बापाची टाप नव्हती. होडीची फासळी असो नाहीतर सुकाणूचा दांडा, त्याने चिकटवलेल्या दोन लाकडांमधली रेघ भिंग घेऊन शोधावी लागे. तो लाकूड घ्यायला गेला की वखारवाला मेटाकुटीला येई. हा फळी वाजवणार, हुंगणार, वलयं दाट आहेत का बघणार आणि शेवटी म्हणणार, "ही तुझ्या शवपेटीला ठेव."

जावयाच्या होडीसाठी त्याने ओक आणि तुतीच्या पट्ट्या एकाआड एक लावून सुकाणूचा दांडा केला. तोमे हा त्याच्या एकुलत्या एका लेकीचा नवरा. येर्कोचा त्याच्यावर भारी जीव, पण तोंडावर दाखवेल तर शपथ! त्याने रंधा मारला, सरस म्हणून इपॉक्सी फासलं आणि पट्ट्या दाबून धरणारे शिकंजे आवळले. आवळले म्हणजे कसे, तर मानेच्या शिरा फुगेपर्यंत. इपॉक्सी भळाभळा बाहेर आलं तसा गडी खूश.

"अहो, पुरे की!" बायको लुत्से म्हणाली. "लाकडाचा रस काढताय का?"

"तू तुझे मासे तळ," येर्को म्हणाला.

दांडा असा उतरला की बघायला गाव लोटलं.

मग एके दिवशी तोमे मासेमारीला गेला आणि मागून युगो सुटला. दक्षिणेचा तो दमट, खुनशी वारा. दुपारपर्यंत समुद्र काळवंडला. कारखान्याचं दार आपटत होतं, म्हणून येर्कोने त्याच दांड्याचा उरलेला तुकडा दाराखाली पाचरीसारखा सारला आणि वर हातोडीचा ठोका दिला. तुकडा दुभंगला. लाकूड फाटलं नव्हतं, जोडच सुटला होता. आतली दोन्ही तोंडं कोरडी ठक्क. सगळं इपॉक्सी त्याने स्वतःच्या हाताने पिळून बाहेर काढलं होतं. रेघ दिसत नव्हती, कारण आत काही उरलंच नव्हतं.

त्याने घाईने दुसरा तुकडा ठोकला, तोही तसाच. येर्को धक्क्याकडे पळाला.

समुद्रावरच्या होड्यांशी बोलायचा वायरलेस तिथल्या खोलीत होता, आणि त्यावरचं बोलणं अख्खं गाव ऐकायचं. खोलीत म्हातारा रोको चौघांबरोबर पत्ते कुटत बसला होता.

"काय येर्को, जावयाची आठवण येते वाटतं?"

येर्को क्षणभर घुटमळला. एवढ्या वर्षांचं नाव या लोकांसमोर धुळीला मिळणार होतं. जाऊ दे खड्ड्यात, म्हणून त्याने बटण दाबलं.

"तोमे! माझा जोड कच्चा आहे. दांड्यावर जोर देऊ नकोस. आहेस तिथे आडोशाला थांब. ऐकतोस ना?"

पत्त्यांचा आवाज थांबला.

"थट्टा करताय होय, बाबा?" तोमे हसत होता. त्याच्यामागे वारा घोंघावत होता. "बाकीचे सगळे बेटाच्या आड थांबलेत. मीच तेवढा बाहेर निघालो. त्यांना म्हटलं, तुमचे दांडे तुम्ही सांभाळा, माझा सासऱ्याच्या हातचा आहे."

रोकोने येर्कोला बोल म्हणून ढोसलं.

"थट्टा नाही रे पोरा! देवाशपथ! उघडून पाहिलाय मी!"

तिकडचं हसू थांबलं.

"बरं, फिरतो मागे. पण लाट आडवी येतेय बाबा, जरा जोर लावावा ला..."

पुढे नुसती खरखर. रोको पत्ते टाकून आपल्या बोटीकडे धावला, बाकीचे त्याच्यामागे. येर्को एकटाच बटण दाबून बसला होता आणि जोर नको, पोरा, जोर नको, एवढंच म्हणत होता.