ओलं बटण

हल्ली फोनवरची बटणं चपटी असतात, आणि पोटासाठी मीही चपटीच काढते. पण मी हे काम शिकत होते तेव्हा पडद्यावरचं सगळं ओलं होतं. बटण म्हणजे जेलीची गोळी, मागे निळं आभाळ, हिरवीगार टेकडी, वर तरंगणारे बुडबुडे. सगळा संगणक आत्ताच धुऊन ठेवल्यासारखा. येणारा काळ असा चकचकीत आणि ओला असेल असं ती चित्रं काढणाऱ्यांना का वाटलं असेल, याचं मला अजून कुतूहल आहे.

मी चंद्रपूरला राहून संगणकाचा कोर्स करत होते, आणि बाबा आले ते मला परत न्यायला. सिंदेवाहीजवळ आमचं गाव, आणि बाबा तलावात मासे धरायचे. रविवारी मला पाहायला पाहुणे येणार होते. जमलं की कोर्स बंद, हे घरी ठरलेलंच. मुलगी संगणकावर चित्रं रंगवत बसते, एवढंच सगळ्यांना ठाऊक. मला इतका राग आला होता की मी त्यांना पाणीसुद्धा विचारलं नाही. क्लासमध्ये शेजारची खुर्ची पुढे केली आणि म्हटलं, "मले एवढं संपवू द्या. मग जाऊ."

पडद्यावर माझं परीक्षेचं काम होतं, पाण्याच्या थेंबासारखं एक बटण. बाबा बराच वेळ बघत राहिले.

"हे ओलं काऊन केलं?"

तोवर मला हे कुणीच विचारलं नव्हतं. "सगळेच करतेत," मी फणकारले.

"बरं. मंग याचा सूर्य कुठी आहे?"

मी वळून पाहिलं. चेष्टा नव्हती ती. जाळं फेकायच्या आधी बाबा नेहमी सूर्य कुठल्या खांद्यावर आहे ते बघायचे, कारण आपली सावली पाण्यावर पडली की मासा पळतो. पडद्याकडेही ते तसेच बघत होते.

"चमक डाव्या अंगाले, अन सावलीबी डाव्या अंगालेच. असं होत नाई."

खरंच की! आमच्या सरांनी दोनदा पाहून मान डोलावली होती. मी सावली उजवीकडे ओढली.

"आता खाली उजेड दे, सावलीच्या अंगाले. कमळाच्या पानावरचा थेंब पाह्यला नाई का? उजेड वरून शिरते, अन खाली जाऊन जमते."

मी तळाशी फिकट निळा उजेड भरला, आणि बटण एकदम टम्म फुगून वर आलं. हात लावला तर बोट भिजेल असं वाटलं. माझा राग कुठे गेला कळलंच नाही. मग आम्ही दोघं खुळ्यासारखे त्यालाच चिकटलो. चमक सरकवून सकाळ केली, दुपार केली. "संध्याकाळचं करून पाह्य," बाबा म्हणाले. त्या नादात आमची एसटी निघून गेली.

पुढच्या गाडीसाठी मी पिशवी घेऊन त्यांच्या मागोमाग स्टँडवर गेले. बाबा पायरीवर चढले आणि वळून म्हणाले, "तू कुठी येऊन राह्यली? परीक्षा आहे ना तुही?"

मी पिशवी खाली ठेवली. गाडी सुरू झाली तेव्हा खिडकीशी धावले. "बाबा, पाहुण्यायले काय सांगाचं?"

"पोरगी कामात आहे म्हनीन," बाबा म्हणाले.