बिजाची रोपं बाहेर काढताना

आमच्या लॅबमध्ये प्रत्येक गोष्टीची नोंद असते. बाटलीत काय घातलं, कधी घातलं, कोणी घातलं, सगळं रजिस्टरात. किश्श्यांचं रजिस्टर मात्र कोणी ठेवत नाही. ते सिंकखालच्या रिकाम्या बाटल्यांसारखे आपोआप साठत जातात आणि एखाद्या दिवशी दुसरंच काही शोधायला वाकलं की खणखणत बाहेर येतात.

वर्ध्याच्या एका कॉलेजात आमची ही लॅब. वैद्य मॅडम प्रमुख, मी त्यांची असिस्टंट. काम एकच, बिजाची रोपं करणं. ज्याच्या लाकडाच्या पेल्यात रात्रभर ठेवलेलं पाणी रंग बदलतं आणि साखरेचे पेशंट ते सकाळी पितात, तो बिजा, म्हणजे बिबळ्याचं झाड. त्याचं बी नीट रुजत नाही, म्हणून आर्वीकडच्या एका जुन्या धिप्पाड झाडाच्या कोंबांपासून आम्ही बाटल्यांमध्ये रोपं वाढवली. मग वादळात ते झाडच आडवं झालं. आता त्याचं जे काही उरलं होतं, ते आमच्या रॅकवर. आणि मॅडम पुढच्या मार्चमध्ये रिटायर होणार होत्या.

* * *

पहिली तुकडी माझ्यामुळे गेली, हे आधीच सांगून टाकते. बाटलीतलं रोप म्हणजे एसीत, ट्यूबलाइटखाली, झाकणाच्या आत वाढलेलं. मला वाटलं, थोडं ऊन लागलं की टणक होतील. सकाळी दहाला ट्रे बाहेर ठेवले. वर्ध्याचा एप्रिल! दुपारी बघते तर शिजवलेली मेथी.

मॅडमनी जेवणाचा डबा उघडला, तसाच बंद केला आणि पुन्हा बाटल्या धुवायला लागल्या. रागावल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

* * *

दुसरी तुकडी मुंग्यांनी संपवली. तेव्हा आमच्या नर्सरीत सेवाग्रामकडून कांताबाई नुकत्याच निंदणाला यायला लागल्या होत्या. त्यांनी पुढच्या तुकडीच्या मुळांना चिकटलेली बाटलीतली जेली बोटावर घेतली आणि विचारलं, "ताई, याच्यात काय राह्यते?"

"खत, औषधं, थोडी साखर," मी म्हटलं.

"साखर? आनं हे न धुता मातीत लावता?"

मी म्हटलं, धुतो ना, नळाखाली धरतो.

"लेकराचं तोंड असं पुसते काय कोणी?" असं म्हणून त्यांनी बादलीत कोमट पाणी घेतलं आणि एकेक रोप तळहातावर आडवं धरून मुळं धुतली. साठ रोपांना अख्खी दुपार गेली. ती आमची तिसरी आणि शेवटची तुकडी. आर्वीचं मूळ झाड नव्हतं आणि रॅकवरच्या बाटल्याही संपल्या होत्या, त्यामुळे चौथी होणार नव्हती.

* * *

धुतलेली रोपं पिशव्यांत लावली, तेव्हा मॅडमनी कागद काढला. त्यावर लिहिलं होतं, किती दिवस प्लास्टिकखाली, किती टक्के दमटपणा. कांताबाईंनी कागद ऐकून घेतला आणि म्हणाल्या, "मॅडम, इतकं लिहाले काऊन लागते? बाळंतीण हाय. सव्वा महिना घराबाहेर नाई."

आणि त्यांनी तसंच केलं. पहिले दिवस प्लास्टिक पूर्ण बंद. मग एका कोपऱ्यातून चार बोटं उघडं, मग वीतभर. बाहेरचं कोणी आलं की आधी पाय धुवा, मग आत या. एकदा आमचे प्राचार्यच पाहुणे घेऊन आले. कांताबाईंनी त्यांनाही नळ दाखवला. साहेब निमूटपणे चपला काढून पाय धुवायला लागले आणि मॅडम पाठ फिरवून हसू दाबत होत्या.

सव्वा महिन्यानंतर मॅडमनी आपला कागद ताडून पाहिला. दोन दिवसांचा फरक होता. कागदावर त्यांनी कांताबाईंचाच आकडा लिहिला.

* * *

प्लास्टिकच्या आत दमटपणा मोजायचं एक गोल यंत्र टांगलेलं होतं. मी रोज त्याचा आकडा लिहायची आणि खूश व्हायची, कारण आकडा अगदी हवा तसा. कांताबाई मात्र रोज आत हात घालून बघायच्या आणि पाणी फवारायच्या. मी एकदा त्यांना जरा टोचूनच म्हटलं, "बाई, यंत्र बरोबर सांगतंय, कशाला फवारता?"

"ताई, तुमचं हे घड्याळ चार दिवसापासून एकच टाइम दाखवून राह्यलं."

काटा अडकला होता. त्या चार दिवसांचं फवारणं त्यांनी माझ्या भरवशावर सोडलं असतं, तर आज मी हे सांगायला बसलेच नसते. रोपं जगल्यावर त्यांना पेढे दिले, पण त्या दिवशी लाजेनं साधं थँक्यूसुद्धा म्हणवलं नाही. ते इथे म्हणते.

* * *

चाळीस रोपं जगली. आता खरी शेतजमीन हवी होती. बरेच शेतकरी "पाहू" म्हणाले, म्हणजे नाही. अल्लीपूरचे नामदेवराव एकटेच स्वतःहून आले, साठीच्या पुढचे, कापूस-तुरीची शेती. पिशवीतून लाकडी पेला काढून टेबलावर ठेवला.

"पंधरा वर्सं झाले, याच्यातलं पाणी पेऊन राह्यलो," ते म्हणाले. "साखर उतरते का नाई, डॉक्टरले मालूम. पण मेलेल्या झाडानं इतके दिवस पाणी पाजलं. आता एखादं जितं झाड लावून पाह्यतो."

श्रावणात त्यांच्या धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, रोपं लावली. मॅडमनी हिरवी जाळी नेली होती. नामदेवरावांनी ती घडी करून परत दिली, कारण प्रत्येक रोपाच्या पश्चिमेला त्यांनी आधीच तुरीच्या ओळी वाढवून ठेवल्या होत्या. दुपारच्या उन्हाला आडोसा. मॅडम परतीच्या वाटेवर गाडीत म्हणाल्या, "इतकी वर्षं शिकवलं, आता शिकायला वेळ थोडाच उरला."

* * *

फाल्गुनात मॅडमच्या रिटायरमेंटला आठवडा राहिला होता. त्या म्हणाल्या, शेवटचं एकदा रोपं बघून येऊ. मी, मॅडम, कांताबाई, तिघी अल्लीपूरला गेलो.

तूर कापून झाली होती. धुऱ्यावर चाळीस काड्या उभ्या होत्या. एकावरही पान नाही.

मॅडम मातीतच खाली बसल्या. "गेली," एवढंच म्हणाल्या. मला तर रडूच आलं. आमच्या बाटल्यांत बाराही महिने पानं हिरवी. रोपावर पान नाही म्हणजे रोप मेलं, एवढंच आम्हाला ठाऊक.

नामदेवराव पेल्यातलं पाणी घेऊन आले, आमच्याकडे पाहिलं, घाईनं एका काडीपाशी वाकले आणि सालीवर नखानं ओरखडा काढला. आत हिरवंगार.

"पानझड हाय मॅडम. फाल्गुन नाई काय?"

मॅडम उठल्या. पदर खोचून त्यांनी दुसऱ्या काडीवर नख लावलं. हिरवं. तिसरीवर. हिरवं. डोळे पुसत, हसत त्या चौथीकडे निघाल्या, तशी कांताबाईंनी त्यांचा हात धरला.

"मॅडम, पाह्यलं ना? आता बाकीच्यायले झोपू द्या."