पडद्यावरचे हात

सकाळी धुकं असं दाटलं होतं की समोरचं चपलांचं दुकान दिसत नव्हतं. चावीवाल्या काकांनी शटर वर केलं, गारठलेल्या मशिनला तेल पाजलं आणि कालच्या राहिलेल्या चाव्या कानशीनं घासायला घेतल्या. चाळीस वर्षं हेच. बंद कुलूप उघडायची वेळ आली की मात्र ते गिऱ्हाइकाकडे पाठ करत. "रागावू नका, पण बघायचं नाही." सख्ख्या जावयालाही त्यांनी कधी बघू दिलं नव्हतं.

हा नेम एकदाच मोडला. गेल्या वर्षी शूटिंगवाले आले. चोर झालेल्या हीरोला कुलूप काही जमेना. दिग्दर्शक म्हणाला, "काका, हात तुमचेच घेतो. खरी खुबी कापून टाकू, शब्द देतो." काका भुलले.

पिक्चरला सगळं घर गेलं. पडद्यावर भिंतीएवढे हात आणि खुबी जशीच्या तशी! पोरांनी शिट्ट्यांनी थिएटर डोक्यावर घेतलं. दिग्दर्शकानं शब्द पाळला नव्हता. तरी लेकीनं "बाबा, तुमचे हात!" म्हणत दंड दाबला, तेव्हा ते हसलेच.

आज दहाच्या सुमारास तीच लेक धापा टाकत आली. "बाबा, चला. पोरगं चौकीत आहे."

पंधरा वर्षांचा नातू बाकावर खाली मान घालून बसला होता. शाळेतले दोन लॅपटॉप उचललेले. दाराच्या कुलपावर ओरखडासुद्धा नाही.

"हे शिकवल्याशिवाय येतं होय?" फौजदारानं विचारलं.

"आजोबांनी शिकवलं," नातू म्हणाला. मान वर न करता.

काका लेकीकडे बघू लागले. ती त्यांच्या कानाशी आली. "हो म्हणा ना, बाबा. त्याचं सगळं आयुष्य पडलंय. दुकान काय, आज ना उद्या बंदच करायचंय तुम्हाला."

काकांनी स्वतःच्या हातांकडे पाहिलं.

"हात माझे आहेत, साहेब," ते शेवटी म्हणाले. "पण मी शिकवलं नाही. त्याचा मोबाइल बघा."

मोबाइलमध्ये पिक्चरचा तेवढाच, हातांचा तुकडा कापून ठेवलेला होता. पोराला बाल न्याय मंडळापुढे न्यायचं ठरलं. लेक काकांकडे न बघता बाहेर निघून गेली.

दुकानाशी गिऱ्हाईक ताटकळत होतं. "काय काका, कुठं गायब? माझी चावी?"

"बसा, होतेच आहे," म्हणत काकांनी कानस उचलली.