टीव्हीचं कपाळ

आमच्याकडे आयुधपूजेला घरातल्या प्रत्येक यंत्राला गंध-कुंकू लागतं. मिक्सर, पंखा, स्कूटर, कुणी सुटत नाही. अप्पा गेल्यापासून अम्मा स्वतःला कुंकू लावत नाही, पण यंत्रांना लावायचं तिनं सोडलेलं नाही. जुन्या टीव्हीच्या चौकटीवर तर वर्षानुवर्षांच्या कुंकवाचा थरच बसला होता.

यंदा मी तो डबा काढून टाकला आणि नवा ओएलईडी टीव्ही आणला. दुकानदार म्हणाला होता, यातला काळा म्हणजे खरा काळा. येणाऱ्या-जाणाऱ्याला मी तेच ऐकवत होतो.

पूजेच्या सकाळी अम्मा तबक घेऊन त्याच्यासमोर उभी राहिली. चौकट नाहीच, कडेपर्यंत नुसती काच.

"ह्याला पोट्टू कुठं लावू? कपाळच नाही ह्याला," ती म्हणाली. कपाळावरच्या टिळ्याला तंजावरात आम्ही मराठी माणसंही पोट्टूच म्हणतो.

तिचं ओलं बोट काचेकडे गेलं आणि माझं डोकंच फिरलं. "स्क्रीनला हात लावू नकोस! लावायचंच असेल तर मागं लाव, कुणाला दिसणार नाही असं."

बोट तिथंच थांबलं. बंद टीव्हीच्या त्या खऱ्या काळ्यात आम्ही दोघं स्वच्छ दिसत होतो. माझ्या कपाळावर तिनंच सकाळी लावलेलं कुंकू होतं, तिचं कपाळ कोरं.

"परवा पापनाशमला लग्नाला गेलो, तिथं मलाही असंच मागं उभं केलं," ती काचेकडे बघत म्हणाली. "तू तिथंच होतास."